पोरीला बॉक्सिंग लावायचं की ज्युदो? स्वसंरक्षणाचा क्लास निवडण्याआधी हे वाचा

गावात शाळा दहावीपर्यंत. अकरावीला तालुक्याला जायचं म्हणजे सकाळी साडेसहाची एसटी आणि संध्याकाळी फाट्यावर उतरून घरापर्यंत दोन-अडीच किलोमीटर चाल. उसाचं रान दोन्ही बाजूंना, दिवाळीनंतर अंधार लवकर. फाट्यावर मोटारसायकली लावून बसणारी टोळकी कुठल्या गावाला नाहीत? पोरगी एक दिवस रडत घरी आली की घरात दोनच गोष्टी बोलल्या जातात. एक, "कॉलेज बास झालं आता." दुसरी, "तिला कराटे-बिराटे काहीतरी लावा."

पहिल्या वाक्यावर शिक्षण थांबलेल्या पोरी प्रत्येक गावात आहेत. दुसरं वाक्य बोलणारं घर निदान योग्य दिशेला तोंड करून उभं आहे. पण पुढचा प्रश्न लगेच येतो. तालुक्याच्या क्रीडा संकुलात बॉक्सिंगही चालतं, ज्युदोही चालतो. फी एकाचीच परवडते, वेळ एकालाच आहे. मग लावायचं काय?

दोन्हींत मुळातला फरक

बॉक्सिंगमध्ये मारायचं फक्त मुठीनं आणि तेही कमरेच्या वर. धरायचं नाही, पाडायचं नाही, लाथ मारायची नाही. आजच्या बॉक्सिंगचे नियम इंग्लंडमध्ये १८६७ साली छापून आले, हातमोजे त्यातूनच सक्तीचे झाले. सध्याच्या हौशी स्पर्धेत तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या असतात.

ज्युदोचं बरोबर उलटं. इथे मारायचं नाहीच. समोरच्याचा कपडा धरायचा, तोल घालवायचा, पाठीवर आपटायचं आणि खाली दाबून धरायचं. २० सेकंद दाबून ठेवलं की डाव जिंकला. मोठ्या वयाच्या गटात गळा आवळणं आणि कोपर पिळणं हेही चालतं.

ज्युदो सुरू केला जपानच्या जिगोरो कानो यांनी, १८८२ मध्ये, टोकियोतल्या एका बौद्ध मंदिराच्या १२ चटयांच्या खोलीत. कानो स्वतः अंगानं किरकोळ. शाळेत दांडगी पोरं त्रास द्यायची म्हणून ते जुनी जुजुत्सू विद्या शिकायला गेले आणि तिच्यातले जीवघेणे भाग काढून रोज पूर्ण जोर लावून सराव करता येईल असा खेळ त्यांनी उभा केला. बारीक माणसाला मोठ्या माणसासमोर उभं राहता यावं ही गरजच त्याच्या मुळाशी होती. बायकांसाठी त्यांच्या संस्थेत १९२६ मध्ये वेगळा विभाग निघाला. तिथे शिकलेल्या केइको फुकुदा या पाच फुटांहूनही बुटक्या बाईंनी ९० वर्षं ओलांडल्यावरही शिकवणं सोडलं नव्हतं.

हल्ला होतो कसा, ते आधी बघा

सिनेमात गुंड समोर येऊन उभा राहतो, मूठ उगारतो आणि हीरो ती अडवतो. फाट्यावर असं होत नाही. हात धरला जातो. ओढणी किंवा दप्तराचा पट्टा मागून ओढला जातो. गर्दीच्या एसटीत कुणी चिकटून उभा राहतो. भिंतीला रेटलं जातं, तोंड दाबलं जातं, वेणी धरली जाते. गळ्यातलं मंगळसूत्र हिसकावणारा मोटारसायकलवर असतो आणि दोन सेकंदांत पसार होतो; त्याला ना बॉक्सिंग चालतं ना ज्युदो.

म्हणजे बाईमाणसावरचा हल्ला बहुतेक वेळा धरण्यापासून सुरू होतो. पुरुषांच्या भांडणात गोष्ट वेगळी. तिथे बाचाबाची, ढकलाढकली, मग अचानक एक ठोसा किंवा काठी. बांधावरून झालेली मारामारी आणि जत्रेतला राडा पाहिलेल्याला हे सांगायला नको.

हा फरक लक्षात घेतला की निवड निम्मी सोपी होते. मुलाला आणि मुलीला एकच क्लास योग्य असेल असं नाही.

समोरासमोर आले तर कोण जिंकतं?

हा वाद जुना आहे आणि लोकांनी तो प्रत्यक्ष लढून पाहिलाय. अमेरिकेत १९६३ साली एका मासिकात लेख आला की कुठलाही बॉक्सर कुठल्याही ज्युदोवाल्याला लोळवेल, आणि उलटं करून दाखवणाऱ्याला १,००० डॉलर देऊ. ज्युदोवाले चिडले. त्यांच्याकडून जीन लेबेल हा पैलवान उभा राहिला, बॉक्सर होता मायलो सॅव्हेज. २ डिसेंबर १९६३ रोजी सॉल्ट लेक सिटीत लढत झाली. बॉक्सरनं सदरा घातला होता आणि त्याला काहीतरी तेलकट फासल्याची तक्रारही झाली. तीन फेऱ्या गेल्या. चौथ्या फेरीत लेबेलनं त्याला खाली पाडलं, मागून गळा आवळला आणि बॉक्सर जागीच बेशुद्ध झाला.

यावरून ज्युदोच भारी असं ठरवायला जावं, तर २०१५ ची गोष्ट आडवी येते. रोंडा राउझी ही अमेरिकेची ज्युदोपटू, २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमधली कांस्यपदक विजेती. पुढे मिश्र मार्शल आर्ट्समध्ये जगज्जेती झाली. बहुतेक लढती तिनं पहिल्याच फेरीत कोपर पिळून जिंकल्या होत्या. मेलबर्नमध्ये तिच्यासमोर आली हॉली होम, आधीची बॉक्सिंग जगज्जेती. होमनं तिला जवळच येऊ दिलं नाही. राउझी धरायला धावायची, होम बाजूला सरकायची आणि सरकता सरकता ठोसा द्यायची. दुसऱ्या फेरीत डोक्यावर बसलेल्या लाथेनं राउझी आडवी झाली.

दोन्ही लढतींचा अर्थ एकच. हातभर अंतर राहिलं तर बॉक्सिंगवाल्याचं राज्य, अंगाला अंग भिडलं की ज्युदोवाल्याचं. म्हणून कोण श्रेष्ठ हे विचारण्यात अर्थ नाही. तुमच्यावरचा प्रसंग कुठल्या अंतरावर येण्याची शक्यता जास्त, हे विचारा.

बॉक्सिंग काय देतं

पहिलं म्हणजे लवकर देतं. उभं कसं राहायचं, हनुवटी खाली कशी ठेवायची, हात तोंडासमोर कसे धरायचे, सरळ ठोसा कसा मारायचा, एवढं दोन-तीन महिन्यांत बऱ्यापैकी अंगात येतं. ज्युदोत तेवढ्या वेळात पडायचं कसं हेच चाललेलं असतं.

दुसरी गोष्ट जास्त मोलाची. तोंडावर काहीतरी येतंय हे दिसल्यावर माणूस नैसर्गिकपणे डोळे मिटतो, मान फिरवतो आणि गोठतो. हे गोठणं बॉक्सिंगच्या सरावात मोडतं. रोज समोरून हात येतो, रोज डोळे उघडे ठेवायचे असतात. ज्या पोरीला आयुष्यात कुणी चापटही मारलेली नाही तिला पहिल्या फटक्यानंतर काहीच सुचत नाही. सरावाची पोरगी निदान मागे सरकते आणि हात वर घेते.

तिसरं, पाय. बॉक्सिंग हा हाताचा खेळ वाटतो, पण मास्तर सगळ्यात जास्त ओरडतात ते पायांवरून. बाजूला सरकणं, कोपऱ्यात न अडकणं, अंतर राखणं. दोघं-तिघं समोर असतील तर उपयोगाला येतं ते हेच. कारण तिथे जिंकायचं नसतं, वाट काढून पळायचं असतं.

आता उणी बाजू. कुणी मनगट धरलं, मागून मिठी मारली, खाली पाडलं, तर पुढे काय हे बॉक्सिंग शिकवत नाही. स्पर्धेत दोघं भिडले की पंच सोडवतो. फाट्यावर पंच नसतो. दुसरं, क्लासमध्ये हाताला पट्टी आणि वर १० औंसांचा मोजा असतो. उघड्या मुठीनं कपाळावर मारलं तर करंगळीमागचं हाड मोडतं. ही मोडतोड इतकी नेहमीची आहे की डॉक्टरी भाषेत तिला बॉक्सरच्याच नावानं ओळखतात. म्हणून मास्तरांना स्पष्ट सांगा की उघड्या तळव्याच्या टाचेनं नाका-हनुवटीवर मारायचंही शिकवा. स्पर्धेत तो चालत नाही, पण हात शाबूत राहतो.

मेरी कोम यांची गोष्ट इथे आठवण्यासारखी. सहा वेळा जगज्जेत्या, २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमधल्या कांस्यपदक विजेत्या. २०१६ साली त्यांनी आपल्या मुलांना उद्देशून एक जाहीर पत्र लिहिलं आणि त्यात आपलाही विनयभंग झाल्याचं उघडपणे सांगितलं. सकाळच्या उजेडात सायकलरिक्षातून जाताना एका अनोळखी माणसानं अंगाला हात लावला. त्या चप्पल हातात घेऊन मागे धावल्या, पण तो निसटला. मेरी कोमवर जी वेळ आली ती आपल्या पोरीवर येणार नाही, असं कुठल्याही क्लासच्या जोरावर कुणी म्हणू नये.

ज्युदो म्हणजे आपल्याकडची कुस्तीच, थोड्या फरकानं

सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यातल्या माणसाला ज्युदो समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. हेलसिंकीला १९५२ मध्ये कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव कराड तालुक्यातल्या गोळेश्वरचे. तिथल्या जुन्या पैलवानाला ज्युदोचा सेओई-नागे दाखवा, तो म्हणेल हा तर धोबीपछाड. काता-गुरुमा दाखवा, म्हणेल हा कलाजंग. फरक एवढाच की कुस्तीत अंग उघडं आणि पकड अंगाला. ज्युदोत जाड सदरा आणि पकड सदऱ्याच्या कॉलरला, बाहीला. शिवाय ज्युदोच्या स्पर्धेत आता पायाला हात घालून पट काढायला बंदी आहे.

धरलेल्या हातातून सुटायचं कसं, अंगाशी आलेल्या माणसाचा तोल कुठे आहे हे डोळे मिटूनही कसं ओळखायचं, खाली पडलो तर वर बसलेल्याला उलथवायचं कसं, हे ज्युदोत रोजचं काम. समोरचा पूर्ण ताकदीनं विरोध करत असताना सराव होतो, त्याला रांदोरी म्हणतात. मुलींना यातून एक गोष्ट कळते जी बोलून कळत नाही: आपल्यापेक्षा जड माणूस अंगावर आला तरी श्वास चालू राहतो, विचार करता येतो. अंगावरच्या वजनाची भीती मोडणं हे ज्युदोचं खरं देणं. डाव त्यानंतर.

आणि पडणं. ज्युदोचा पहिला महिना पडण्यातच जातो. हनुवटी छातीला लावायची, हात जमिनीवर आपटून धक्का वाटून द्यायचा, डोकं खाली लागू द्यायचं नाही. याला उकेमी म्हणतात. हल्ला आयुष्यात एकदाही होणार नाही कदाचित, पण शेवाळलेल्या विहिरीच्या पायरीवर, गोठ्यात, पावसाळ्यात घसरलेल्या स्कूटीवरून माणूस पडतोच. हात पुढे टाकून पडणाऱ्याचं मनगट जातं. पडायला शिकलेला बहुधा उठून कपडे झटकतो.

उणीव अशी की ज्युदोवाल्याला ठोशाची सवय नसते. स्पर्धेत कुणी तोंडावर मारत नाही म्हणून हात खाली राहतात. सगळी पकड कपड्यावर बेतलेली असल्यानं उन्हाळ्यातल्या पातळ टी-शर्टवर ती फाटते किंवा निसटते. दोघंजण असतील तर एकाला धरून खाली जाणं म्हणजे दुसऱ्याला पाठ देणं. आणि वेळ. उपयोगी पडेल असा एखाद-दुसरा डाव हुकमी बसायला नियमित सरावानं सहा महिने ते वर्ष लागतं.

यावर एक रोखठोक सल्ला. गावात किंवा शेजारच्या गावात चांगली तालीम असेल, तिथे मुलींची वेगळी वेळ असेल आणि शिकवणारा भरवशाचा असेल, तर ज्युदो शोधत ३० किलोमीटर जाऊ नका. कुस्तीतूनही तोल, पकड आणि अंगावरची भीती मोडणं हे सगळं मिळतं. मुलींनी लाल मातीत उतरायचं का, हा वाद आता बराच मागे पडलाय. २०२३ मध्ये सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली.

दुखापतीचं काय?

दोन्हीकडे आहे, वेगवेगळी. बॉक्सिंगमध्ये प्रश्न डोक्याचा. ठोसा डोक्यावर बसला की मेंदू कवटीत हलतो. हेडगार्डमुळे कापणं-फुटणं कमी होतं, आतला हादरा थांबत नाही. जागतिक वैद्यकीय संघटनेनं १९८३ पासून बॉक्सिंगला विरोध नोंदवलेला आहे, आणि अमेरिका व कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०११ मध्ये मुलांनी बॉक्सिंग करू नये अशी भूमिका घेतली. याचा अर्थ क्लास बंद करा असा नाही. बॅगवर, पॅडवर, एकट्यानं केलेल्या सरावात डोक्याला धोका नाही. स्वसंरक्षणापुरतं शिकायचं तर डोक्यावर जोरानं मारण्याचा सराव क्वचित आणि हलक्या हातानं व्हावा. "पोरं आठवड्यातून तीन दिवस फुल जोरात खेळतात" असं अभिमानानं सांगणारा मास्तर टाळा.

ज्युदोत खांदा, गळ्याजवळचं हाड, गुडघा. पण खरा धोका इथेही डोक्याचाच, आणि तो पडायला न शिकलेल्या नवख्याला. जपानमध्ये १९८३ नंतरच्या तीसेक वर्षांत शाळकरी ज्युदोत शंभराहून अधिक मुलं दगावली. त्यांत मागे डोकं आपटून झालेले मृत्यू मोठ्या संख्येनं होते. यावरून तिथे मोठी ओरड झाली आणि शिकवण्याची पद्धत बदलावी लागली. म्हणून दोन गोष्टींवर अडून बसा: चांगली जाड मॅट, आणि पहिल्या दिवशी डाव नाहीत. सतरंजी टाकून फरशीवर ज्युदो शिकवणारा माणूस तुमच्या मुलाच्या डोक्याशी खेळतोय.

डोक्याला मार लागल्यावर उलटी, चक्कर, विसरभोळेपणा, सारखी झोप येणं यातलं काहीही दिसलं तर ग्रामीण रुग्णालय गाठायचं. हळद लावून झोपवायचं नाही.

मारलं तर आपल्यावरच केस होते का?

गावाकडे ही भीती फार. "पोरीनं मारलं आणि त्याचा दात पडला तर?" १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ खासगी बचावाच्या हक्काबद्दल आहेत. स्वतःचं किंवा दुसऱ्याचं शरीर वाचवण्यासाठी केलेली कृती गुन्हा ठरत नाही, असं कलम ३४ आणि ३५ सांगतात. बलात्काराच्या, पळवून नेण्याच्या किंवा ॲसिड टाकण्याच्या हल्ल्यात हा हक्क कलम ३८ प्रमाणे हल्लेखोराचा जीव जाईपर्यंतही पोचतो.

पण कलम ३७ ची मर्यादा नीट समजून घ्या. बचावासाठी लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही. पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हक्क बजावायचा नाही. हात सुटला, तो मागे हटला, पळायला लागला, तिथे बचाव संपला. त्यानंतर घातलेली लाथ हा बदला, आणि त्याला कायद्याचं संरक्षण नाही. दुसऱ्या दिवशी भावांना घेऊन त्याच्या घरी जाणं तर अजिबातच नाही.

ज्युदो शिकणाऱ्यांनी इथे जास्त सावध राहावं. मॅटवरचा डाव डांबरी रस्त्यावर टाकला आणि समोरच्याचं डोकं कठड्याला लागलं तर माणूस जाऊ शकतो. बॉक्सिंगच्या एका ठोशानं मागे कोसळणाऱ्याचंही तेच. सुटण्यापुरतं करा आणि निघा.

छेडछाड, अंगाला हात लावणं यासाठी कलम ७४ आणि ७५, सतत पाठलागासाठी कलम ७८, आणि मुलगी १८ च्या आतली असेल तर पोक्सो. घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडली तरी जवळच्या ठाण्यात तक्रार नोंदवता येते. "आमच्याकडे येत नाही" हे उत्तर ऐकून परतायचं नाही.

क्लास बघायला गेल्यावर

आधी न सांगता जा आणि अर्धा तास बसून बघा. पालकांना आत बसू न देणारा क्लास पहिल्याच दिवशी बाद. मुली किती आहेत, महिला प्रशिक्षक किंवा निदान एखादी मोठी मुलगी शिकवायला आहे का, हॉलचं दार उघडं असतं का, मास्तर डाव दाखवताना मुलीला विचारून हात लावतात का, हे फीपेक्षा महत्त्वाचं. स्वसंरक्षण शिकायला गेलेल्या ठिकाणीच त्रास झाल्याच्या गोष्टी घडतात, त्यावर पांघरूण घालू नका.

प्रशिक्षकाची पात्रता विचारायला लाजायचं नाही. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, म्हणजे एनआयएसचा, डिप्लोमा असेल तर उत्तम. नसेल तर स्वतः कुठवर खेळले, कुठल्या जिल्हा संघटनेशी जोडलेले आहेत ते विचारा आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात खात्री करून घ्या. "तीन महिन्यांत ब्लॅक बेल्ट" ही पाटी दिसली की गाडी वळवा. ज्युदोत पांढऱ्यापासून काळ्या पट्ट्यापर्यंत जायला वर्षं लागतात.

शाळेतही विचारा. समग्र शिक्षा योजनेतून सहावी ते बारावीच्या मुलींसाठी सरकारी शाळांत रानी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण आहे, साधारण तीन महिन्यांचं. काही शाळांत ते नीट होतं, काही ठिकाणी फोटोपुरतं. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत कुणी विचारलं तर फरक पडतो. बॉक्सिंग आणि ज्युदो दोन्ही शालेय क्रीडा स्पर्धांत आहेत. त्यामुळे पोरगी खेळात पुढे गेली तर दहावी-बारावीचे सवलतीचे क्रीडागुण आणि पुढे सरकारी नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण हाही विचार घरात होतो. तो गैर नाही, पण त्यासाठी स्पर्धेचा क्लास लागतो. स्वसंरक्षणापुरतं आणि पदकासाठी हे दोन वेगळे रस्ते आहेत.

मग शेवटी काय लावायचं?

वर्षभर तरी वेळ असेल, मॅटची सोय असेल, आणि शिकणारी मुलगी असेल तर ज्युदो. कारण तिच्यावरचा प्रसंग धरण्यातून येणार. वर्षानंतर दोन-तीन महिने बॉक्सिंग जोडा, हात वर ठेवायची सवय लागते. उलट हातात सुट्टीचे दोनच महिने असतील, किंवा शिकणारा मुलगा असेल ज्याच्यावर ठोशाचाच प्रसंग यायचा, तर बॉक्सिंग. नोकरी-संसारातल्या तिशी-पस्तिशीच्या बाईला गुडघ्यांचा त्रास असेल तर बॅगवरचं बॉक्सिंग सोसवतं, पण निदान पडायचं तंत्र कुणाकडून तरी शिकून घ्यावं. आणि या सगळ्यावर एक गोष्ट भारी पडते: जवळ असलेला चांगला मास्तर. ३० किलोमीटरवरच्या ज्युदोला पोरगी दोन आठवड्यांत कंटाळते, पाच किलोमीटरवरच्या बॉक्सिंगला दोन वर्षं जाते.

वजनाचा हिशोब मात्र कुणापासून लपवू नका. ४५ किलोच्या पोरीनं ७५ किलोच्या गड्याला रोज लोळवावं अशी अपेक्षा कुठलाही प्रामाणिक मास्तर दाखवणार नाही. दोन्ही खेळांत वजनगट असतात ते उगाच नाही. तिला हवेत ते दोन-तीन सेकंद. हात सुटायला, ओरडायला, पळायला.

जे क्लासमध्ये शिकवत नाहीत

एनसीआरबीच्या आकडेवारीत वर्षानुवर्षे दिसतं की बलात्काराच्या ९० टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र, मालक. तिथे अडचण डाव न येण्याची नसते. "काका" म्हणून ज्याच्या पाया पडलो त्याला ढकलायचं कसं, ही असते.

कॅनडात तीन विद्यापीठांतल्या जवळपास ९०० विद्यार्थिनींवर झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलींना १२ तासांचं प्रशिक्षण दिलं. त्यात मारामारी थोडी; धोका ओळखणं, ओळखीच्या माणसाला ठाम नकार देणं आणि गरज पडली तर अंगानं विरोध करणं यावर भर. वर्षभरानंतर ज्यांना फक्त माहितीपत्रकं दिली होती त्या गटात बलात्काराचं प्रमाण ९.८ टक्के निघालं, प्रशिक्षण घेतलेल्यांत ५.२ टक्के. १२ तासांत कुणी ज्युदोपटू होत नाही. तरी प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं.

हे घरीही जमण्यासारखं आहे. पोरीला "मोठ्यानं बोलू नको" असं १५ वर्षं शिकवून मग १६ व्या वर्षी "ओरड" म्हणून ती ओरडत नाही. अंगणात उभं करून पोटातून "हात सोड!" म्हणायला लावा, आजूबाजूचे हसू देत. कुणी काही केलं असं तिनं सांगितलं तर पहिला प्रश्न "तू तिथे गेलीसच कशाला" हा नको, नाहीतर पुढच्या वेळी ती सांगणारच नाही.

मोबाइलमध्ये आजच करायचं काम: ११२ हा आणीबाणीचा नंबर लॉक न उघडताही लागतो, हे घरातल्या सगळ्यांना एकदा दाखवून ठेवा. फोनच्या सेटिंगमध्ये आणीबाणीची सोय चालू करून घरच्या दोघांचे नंबर टाका, म्हणजे बटण ठराविक वेळा दाबलं की त्यांना निरोप जातो. किती वेळा दाबायचं ते फोननुसार बदलतं, म्हणून एकदा करून बघा. महिलांसाठी १०९१ आणि १८१, लहान मुलांसाठी १०९८.

क्लासला जायचं ठरलंच तर पहिल्या दिवशी नखं कापलेली हवीत, कानातलं-नाकातलं काढलेलं हवं, केस घट्ट बांधलेले. बॉक्सिंगला हाताची पट्टी आणि दातांचा गार्ड स्वतःचाच घ्या. मोजे सामाईक असले तर आत पट्टी बांधूनच घाला, नाहीतर गजकर्ण घरी येतं. घरी बॅग टांगायची असेल तर पोत्यात जुने कपडे आणि भुसा भरा. वाळू भरू नका, ती खाली बसून दगड होते आणि मनगट जातं. ज्युदोचा सदरा पहिल्या महिन्यात विकत घ्यायची गरज नाही. पोरगी टिकते का बघा, तोवर संकुलातला जुना चालतो.